मराठी कथेतील ‘मी’ : निवेदकाच्या स्थानाचा ऐतिहासिक विचार

कथेच्या अभ्यासात कथानक, पात्रे, वातावरण, संवाद या घटकांची चर्चा विस्ताराने होते. निवेदक मात्र बहुधा प्रथमपुरुषी की तृतीयपुरुषी, एवढ्या वर्गीकरणावर आटोपला जातो. वर्गात आपण विद्यार्थ्यांना आणखी एक नियम सांगतो : निवेदक म्हणजे लेखक नव्हे. नियम चुकीचा नाही. परंतु तो जणू कथेइतकाच जुना व सर्वांना सारखाच लागू आहे, अशा थाटात तो सांगितला जातो. मराठी कथेचा इतिहास पाहता लेखक आणि निवेदक यांच्यातील अंतर प्रत्येक लेखकाला सारख्या किमतीत मिळालेले दिसत नाही. काहींना ते आयते लाभले, काहींना टोपणनावाआड जाऊन मिळवावे लागले, आणि काहींना वाचकांनी ते दिलेच नाही. प्रस्तुत लेखात या असमानतेचा काही निवडक कथांच्या आधारे विचार केला आहे.

छापील कथेपूर्वीची आपली निवेदनपद्धती म्हणजे व्रतकथांतील कहाणी. आटपाट नगरापासून सुरू होणाऱ्या कहाणीत सांगणारी स्त्री अनेकदा प्रत्यक्ष देवतेलाच श्रोता करते. ती कोण, हे विचारण्याची गरज कोणालाही भासत नाही, कारण तिच्या शब्दाला परंपरेचे पाठबळ असते. १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू झाले आणि हरी नारायण आपट्यांच्या ‘स्फुट गोष्टीं’नी मराठी लघुकथेचा पाया घातला, तेव्हा ही निर्धास्त अधिकारवाणी सुधारक संपादकाकडे आली. हा निवेदक वाचकाशी बोलतो, त्याला थांबवतो, प्रसंगी चार शब्द सुनावतो. मात्र त्याच आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीत यमूला स्वतःची कहाणी स्वतः सांगावयास लावले. एका पुरुषाने विधवेचा ‘मी’ उभा केला, आणि ‘हे तुम्हांस कसे ठाऊक?’ असा जाब त्यास कोणी विचारला नाही. उलट त्याच्या सहानुभूतीचे कौतुक झाले. ते कौतुक यथार्थच आहे. तथापि हे स्वातंत्र्य कोणास होते, याची नोंद करून पुढे जावयास हवे.

त्यानंतर सुमारे चार दशकांनी, १९३३ मध्ये, ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या नावाने प्रसिद्ध झाला. शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित स्त्रियांची घुसमट त्यात त्या स्त्रियांच्याच तोंडून व्यक्त झाली होती. संग्रह गाजला, पण चर्चा कथांपेक्षा त्या कोणी लिहिल्या याचीच अधिक झाली. लेखिकेचा शोध सुरू झाला. स्त्री ‘मी’ म्हणाली की ती कबुलीच असणार, हे वाचकांनी गृहीत धरले होते. बाळूताई खरे, म्हणजेच पुढील काळातील मालतीबाई बेडेकर, यांनी टोपणनाव घेतले ते केवळ संकोचापोटी, असे म्हणणे अपुरे ठरेल. आपट्यांना जे अंतर काहीही न करता मिळाले, ते निर्माण करण्याचे टोपणनाव हे साधन होते. समीक्षेच्या इतिहासात या घटनेची नोंद ‘खळबळ’ या शीर्षकाखाली होते. माझ्या मते ती निवेदनाच्या इतिहासात व्हावयास हवी.

१९४५ नंतरच्या नवकथेने निवेदकाला व्यासपीठावरून खाली उतरविले, हे मत सर्वमान्य आहे. गंगाधर गाडगीळांच्या कथेत निवेदक पात्राच्या मनात शिरतो आणि तेथील विसंगती भाष्य न करता मांडतो. ना. सी. फडक्यांच्या तंत्रवादी कथेच्या पार्श्वभूमीवर हा बदल मोठाच होता. परंतु नवकथेच्याच काळात एक वेगळा ‘मी’ घडत होता, तो व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’ (१९४९) मध्ये. हा ‘मी’ नायक नाही, उपदेशकही नाही. तो गावचाच आहे, पण शिकलेला, थोडा बाजूला झालेला. ‘धर्मा रामोशी’ मध्ये धर्माला दिलेले धोतर त्याच्या अंगावर दिसत नाही. ते त्याच्या मुलीच्या अंगावर आहे हे जेव्हा कळते, तेव्हा निवेदकाच्या नजरेला स्वतःचीच मर्यादा दिसते. देणाऱ्याला वाटले, गरज एकाची आहे. प्रत्यक्षात घरात त्याहून मोठी उघडीनागडी गरज होती. माडगूळकर येथे एकही वाक्य वाढवून सांगत नाहीत. निवेदक साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला सगळे दिसत नाही, ही जाणीव मराठी कथेत येथे पक्की झाली.

तरीही एक गोष्ट उरते. माणदेशचा हा साक्षीदार सुरक्षित आहे. त्याने पाहिले काय, न पाहिले काय, त्याच्या जिवाला धोका नाही. ही सुरक्षितता बाबुराव बागूल यांच्या कथेत संपुष्टात येते.

‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा बागूल यांचा संग्रह १९६३ मध्ये आला. शीर्षककथेचा निवेदक रेल्वेत नोकरीसाठी सुरतेजवळच्या उधना येथे जातो. वसई-विरारच्या वाचकाला हा भूगोल सांगावा लागत नाही. आपल्या दारावरून उत्तरेकडे जाणारा तोच लोहमार्ग. खोली मिळवायची तर जातीचा प्रश्न येणार. तो आल्यावर हा तरुण कवी सरळ उत्तर देत नाही, मुंबईकर म्हणून मिरवतो, आणि समोरचे त्याला सवर्ण समजून चालतात. तेथे काशिनाथ हा दुसरा दलित कामगार आहे, तो मात्र आपली जात उघड ठेवून भांडतो. निवेदकाला त्याच्याजवळ जावेसे वाटते आणि जाता येत नाही.

निवेदनाच्या दृष्टीने येथे काय घडते, ते बारकाईने पाहिले पाहिजे. निवेदक कथेतील सर्वांपासून एक गोष्ट लपवतो, पण वाचकाला ती शीर्षकातच सांगून टाकतो. त्यामुळे वाचक पहिल्या ओळीपासून त्या गुपिताचा भागीदार होतो. तृतीयपुरुषी निवेदनात हेच गुपित माहिती ठरले असते. येथे ती जोखीम आहे. आदराने केलेले आतिथ्य, पंगतीचे निमंत्रण, कवितेचे कौतुक, प्रत्येक प्रसंगी वाचकाच्या मनात एकच भीती असते, आता कळले तर? सवर्ण वाचकाची अवस्था तर आणखी अवघड होते. कथेत जे फसविले जात आहेत, त्यांच्या जागी एरवी तो स्वतः असता.

शीर्षकातील क्रियापदही दुर्लक्षिण्याजोगे नाही. जेरी पिंटो यांच्या २०१८ मधील इंग्रजी अनुवादाच्या शीर्षकात लपविण्याचा अर्थ आला आहे. मराठीत ‘चोरणे’ म्हणजे दडविणेही होते (आपण अंग चोरतो, काम चोरतो), पण त्यासोबत चोरीचा आरोपही येतो. जी गोष्ट स्वतःची आहे तीच चोरल्याचा गुन्हा! आणि ‘चोरली होती’ हा भूतकाळ. सांगणारा ‘मी’ मार खाऊन, काशिनाथने सोडविल्यानंतर, पुढे कधीतरी बोलत आहे. भोगणारा ‘मी’ मुका होता, सांगणारा मुका नाही. या दोहोंमधील अंतर बागूल यांनी मोठ्या जाणीवपूर्वक घडविले आहे.

असे असताना या कथेचे वाचन अनेकदा ‘अनुभवाचे दर्शन’ एवढ्यावरच थांबते. बागूल यांनी स्वतः रेल्वेत नोकरी केली होती, ही माहिती पुरावा म्हणून पुढे केली जाते आणि कथा आत्मकथनाच्या रांगेत बसविली जाते. अनुभवाची सच्चाई नाकारण्याचा येथे हेतू नाही. प्रश्न एवढाच की जी. ए. कुलकर्णींच्या कथेत निवेदनाची रचना शोधणारा समीक्षक बागूल यांच्या कथेत ती का शोधत नाही? निवेदक म्हणजे लेखक नव्हे, हा आपलाच नियम नेमका येथे का विसरला जातो? १९३३ च्या वाचकांनी विभावरी शिरूरकरांच्या बाबतीत जे केले, तेच पुढे अधिक सभ्य शब्दांत दलित कथाकारांच्या बाबतीत घडले.

या प्रश्नाला भाषेचीही एक बाजू आहे, आणि ती आपल्या परिसरात प्रकर्षाने जाणवते. ग्रामीण कथेत संवाद बोलीत व निवेदन प्रमाण मराठीत, अशी विभागणी रूढ झाली. माडगूळकर, शंकर पाटील, द. मा. मिरासदार या तिघांच्या कथाकथनाने ती काहीशी सैल केली, कारण व्यासपीठावर सांगणाऱ्याचा स्वरही गावाकडे झुकला. बागूल यांचा निवेदक मात्र बोली नाकारतो. तो भारदस्त, काव्यमय, कधी कधी अतिरेकी वाटावी अशी प्रमाणभाषा बोलतो. काही समीक्षकांना तो दोष वाटला. मला ती त्या निवेदकाची गरज वाटते, कारण ज्या भाषेच्या बळावर त्याला सवर्ण समजले गेले, तीच भाषा तो जाब विचारण्यासाठी वापरतो.

आपल्या महाविद्यालयांत सामवेदी, वाडवळी, कोळी, वारली बोलणाऱ्या घरांतून विद्यार्थी येतात. त्यांपैकी कोणी कथा लिहितो तेव्हा आजी घरच्या बोलीत बोलते आणि ‘मी’ पाठ्यपुस्तकाच्या भाषेत. तो ‘मी’ कोठे उभा आहे, अंगणात की रस्त्यावर, हा प्रश्न कथेवर शेरा लिहिण्यापूर्वी त्याला विचारता येईल.