अधिवास, रहिवास आणि बोरगावची सीमा

'अधिवास' आणि 'रहिवास' हे शब्द आपण बोलताना एकमेकांच्या जागी सहज वापरतो. कायदा तसे करीत नाही. माणूस प्रत्यक्ष राहतो तो त्याचा रहिवास. अधिवास म्हणजे एखाद्या देशाच्या कायद्याशी जडलेले नाते : ते जन्माबरोबर बहुधा वडिलांकडून येते आणि दुसरीकडे कायमचे स्थायिक होण्याचा इरादा असल्यावाचून सुटत नाही. बोरगावचा मुलगा नोकरीसाठी दहा वर्षे दुबईत राहिला, पण मनात परतण्याचे असेल, तर बदलतो तो रहिवास. अधिवास भारताचाच राहतो. रहिवास दोन ठिकाणी असू शकतो, अधिवास एका वेळी एकच.

येथे आमच्या भागाचा इतिहास आठवतो. 1 नोव्हेंबर 1956 पूर्वीच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि हिंदीबरोबर मराठी ही तेथील राजभाषा होती. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा, आणि त्यातले सौंसर व पांढुर्णा, मागे राहिले. राज्य सोडले ते नागपुरने. बोरगावच्या माणसाच्या राज्याचे नावसुद्धा बदलले नाही. केवळ राजधानी भोपाळला आणि उच्च न्यायालय जबलपूरला गेले. सावनेर, काटोल, वरूडकडचे सोयरे मात्र एका रात्रीत परराज्यातले झाले. कोणी घर हलविले नव्हते, कोणाचा इरादा बदलला नव्हता.

तत्पूर्वी 1955 मध्येच इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शुल्कावरून डी. पी. जोशी यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. मध्य भारताच्या रहिवाशांना कॅपिटेशन शुल्क माफ, बाहेरच्यांना लागू. न्यायालयाने बहुमताने हा भेद मान्य केला : अनुच्छेद 15 जन्मस्थानावरून भेद करण्यास मनाई करतो, रहिवासावरून नव्हे. पुढे 1984 मध्ये प्रदीप जैन खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केले की भारतात अधिवास एकच, तो भारताचा. राज्याचा अधिवास ही कल्पनाच चुकीची. 29 जानेवारी 2025 च्या तन्वी बहल निकालात हेच पुन्हा सांगून पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशातील रहिवासाधारित आरक्षण घटनाबाह्य ठरविले गेले.

तरीही कचेऱ्यांतील भाषा जुनीच आहे. महाराष्ट्र 'अधिवास प्रमाणपत्र' देतो आणि त्यासाठी सर्वसाधारणपणे पंधरा वर्षांचा रहिवास पाहतो. म्हणजे नाव एकाचे, मोजमाप दुसऱ्याचे. मध्य प्रदेशाचा कागद 'मूल निवासी' म्हणतो. हा शब्द, गंमत अशी, बोरगावला तंतोतंत लागू पडतो.

कर्नाटकातील 865 वादग्रस्त गावांतील मराठी विद्यार्थ्यांना महाराष्ट्राने प्रवेशात अधिवासाच्या अटीतून सवलत दिली आहे. त्या यादीत ऑक्टोबर 2023 मध्ये झालेल्या आमच्या पांढुर्णा जिल्ह्यातील एकही गाव नाही. म्हणून निवेदन लिहिताना 'महाराष्ट्राचा अधिवास द्या' असे आम्ही लिहीत नाही. तो कोणतेही राज्य देऊ शकत नाही. आम्ही मागतो ती मातृभाषेच्या आधारे रहिवासाच्या अटीतून सूट, बेळगाव-निपाणीकडे मिळते तशी.