शब्दवेध : संमोहन

'संमोहन' हा शब्द 'मुह्' धातूचा. गोंधळणे, भान हरपणे हा त्याचा अर्थ. मोह, मूढ, मुग्ध हे त्याचेच सोयरे. 'हिप्नॉटिझम' मात्र हिप्नॉस या ग्रीक निद्रादेवावरून आला. १८४०च्या दशकात जेम्स ब्रेडने तो रूढ केला आणि पुढे त्यालाच तो खटकला, कारण संमोहित माणूस झोपलेला नसतो. आपला शब्द अधिक नेमका आहे. गीतेचा दुसरा अध्याय तर संमोहातून स्मृतीचा गोंधळ होतो, असेच सांगतो.

असाच गोंधळ घडवून पाहण्यासाठी लीड्स विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी संमोहित व्यक्तींना सूचना दिली : ठराविक रंगाच्या चौकटीतला शब्द ओळखीचा वाटेल, पण कधी पाहिला ते कळणार नाही. काहींना तसेच वाटले. म्हणजे ओळख वेगळी, आठवण वेगळी. मधे एक शीव आहे. शीव म्हणजे सीमा. मुंबई आणि साष्टी यांच्या हद्दीवरच्या शीव गावाचे नावही त्यातलेच.

ओळख अशी आठवणीवाचूनही जागी होते; म्हणून नवी जागा क्वचित ओळखीची वाटली, तर पूर्वजन्म शोधू नका. वारंवार वाटू लागली आणि सोबत भानही हरपू लागले, तर अपस्माराची शक्यता असते. तेव्हा मांत्रिक नको. शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय किंवा जवळचा मेंदूविकारतज्ज्ञ गाठा.