नाभीच्या कसोटीची कुळकथा

पेण आणि रोहे या तालुक्यांवर चार महिने कोसळणारा पाऊस आणि एरवी खाडीवरून चढत येणारी दमट हवा मोठ्या दुर्बिणीस मानवणारी नव्हे. म्हणून आमच्या मुलखातील जिज्ञासूंस घाट चढूनच तिच्या दर्शनास जावे लागते. पुण्यात १८८८ साली, भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीच्या आधारे, प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी डब्लिनच्या ग्रब यांनी घडविलेली २० इंची परावर्ती दुर्बीण उभारली, आणि २००६ साली जुन्नरजवळ गिरवलीच्या डोंगरावर ‘आयुका’ या खगोलसंस्थेची २ मीटर व्यासाची दुर्बीण कार्यान्वित झाली. पहिलीच्या काळी तारा नेमका नाभीवर, म्हणजे किरण एकवटतात त्या बिंदूवर, आला की नाही याचा निवाडा निरीक्षकाचा डोळा करी. दुसरीच्या काळापर्यंत ती मुखत्यारी यंत्राकडे सोपविण्याचा प्रघात पडला होता.

या कसोटीचा मूळ पुरुष लेआँ फूको. पॅरिसच्या वेधशाळेसाठी रुपेरी मुलाम्याचे काचेचे आरसे घडविताना १८५८च्या सुमारास त्याने असे दाखविले की, सूक्ष्म छिद्रातून आलेला प्रकाश आरशावरून परतून जेथे एकवटतो, त्या बिंदूच्या अलीकडे, म्हणजे आरशाच्या बाजूस, पात्याची धार सरकविली असता छाया पात्याच्याच दिशेने आरशावर चढते, पलीकडे सरकविली असता उलट दिशेने येते, आणि ठीक त्या बिंदूवर सबंध आरसा एकदम काळवंडतो. ताऱ्याच्या प्रकाशावर हीच युक्ती योजिली की दुर्बिणीची नाभी हाती लागते. दिव्यापुढे सुईने टोचलेला पत्रा आणि दाढीचे पाते एवढ्या सामग्रीवर रोह्याच्या एखाद्या पडवीतही हा प्रयोग करता येतो, आणि तो आरसा असा क्षणात मावळताना ज्याने पाहिला, त्यास नाभी म्हणजे काय हे पुन्हा सांगावे लागत नाही.

तथापि साक्षीदार अजून डोळाच होता. पॉट्सडॅमच्या योहानेस हार्टमानने १९००च्या सुमारास भिंगापुढे भोके पाडलेला पडदा लावून, नाभीच्या आत आणि बाहेर छायाचित्रे घेऊन, ठिपक्यांच्या अंतरांवरून तिचे स्थान गणिताने काढले. पुढे अॅरिझोनात रोलंड शॅक यांनी भोकांच्या जागी बारीक भिंगांची जाळी आणली.

आजची स्वयंचलित पद्धत मुख्य आरशासमोरचा दुय्यम आरसा ठराविक पावलांनी हलवून प्रत्येक ठिकाणी ताऱ्याच्या प्रतिमेची रुंदी मोजते, आणि त्या मापांतून उमटणाऱ्या कमानीच्या तळाशी नाभी मानते. परंतु एकदा तारा रेखीव दिसला एवढ्यावर तिची खात्री पटवून घेणे मला गैर वाटते. नाभी मुद्दाम बिघडवून, कधी आतून तर कधी बाहेरून, त्या पद्धतीला पुन्हापुन्हा शोध घ्यावयास लावावे. दोन्ही बाजूंची उत्तरे भिन्न निघाली, तर दुय्यम आरसा सरकविणाऱ्या स्क्रूच्या ढिलाईचा संशय धरावा. मग दुर्बीण माथ्यावरून क्षितिजाकडे झुकवून तोच प्रयोग करावा, कारण स्वतःच्या भाराने सांगाडा वाकतो. आणि रात्र थंडावेल तसा पुन्हा करावा, कारण ५ मीटर लांबीचा पोलादी सांगाडा तापमान एक अंशाने उतरताच सुमारे ०.०६ मिलिमीटर आखडतो, आणि दुय्यम आरसा प्रतिमेचे तिप्पट वर्धन करीत असेल तर त्याचे एवढेसे सरकणे नाभीला सुमारे दहापट हलविते.

ढग आड आला किंवा निवडलेला तारा जोडतारा निघाला, म्हणजे कमान विस्कटते. अशा वेळी यंत्राने कसलाही आकडा पुढे न करता पूर्वीचे स्थान कायम राखावे आणि अपयशाची नोंद दप्तरी करावी. यशस्वी प्रयत्नांइतकीच या नकारांची पडताळणी मी आवश्यक समजतो. कारण चुकीच्या नाभीवर तासभर छायाचित्रण चालले, तर मंद ताऱ्याचा पसरलेला प्रकाश आकाशाच्या उजेडात बुडतो आणि मागाहून तो वेगळा काढता येत नाही.