शिकण्याचं खातं

फ्रान्समधल्या नोकरदाराच्या नावावर एक सरकारी खातं असतं. निम्मा वेळ तरी काम करणाऱ्याच्या खात्यात वर्षाला ५०० युरो जमा होतात, ५,००० पर्यंत. अल्पशिक्षितांना ८०० आणि ८,०००. हे पैसे फक्त शिकण्यावर खर्चता येतात. वेल्डिंग शिका, नाहीतर इंग्रजी शिका.

या खात्याचा मूळपुरुष म्हणजे गणिती कोंदोर्से. २० एप्रिल १७९२ रोजी त्याने विधिमंडळापुढे शिक्षणाचा आराखडा वाचायला घेतला. शाळा सुटली तरी शिक्षण सुटू नये, गावच्या मास्तराने दर रविवारी सगळ्या वयाच्या लोकांसाठी व्याख्यान द्यावं, असं त्यात होतं. पण त्याच दिवशी सभेला ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारायचं होतं, म्हणून वाचन अर्ध्यावर थांबलं. उरलेलं दुसऱ्या दिवशी झालं. पुढे आराखडा बासनात गेला आणि मार्च १७९४ मध्ये कोंदोर्से कोठडीत मेला.

मग थेट १९६८. मे महिन्यातल्या संपानंतरच्या वाटाघाटींत कामगारांच्या प्रशिक्षणाचा विषय निघाला. पंतप्रधानांचे सल्लागार जाक देलोर यांनी तो तडीस नेला. १६ जुलै १९७१ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कंपनीला पगारखर्चाच्या ०.८ टक्के रक्कम प्रशिक्षणावर खर्चणं भाग पडलं. पण बहुतेकदा कोणी काय शिकायचं हे मालकच ठरवी, आणि तो साहजिकच साहेबलोकांना आधी पाठवी. २००४ मध्ये कामगाराला वर्षाला २० तासांचा स्वतःचा हक्क मिळाला, तोही मालकाच्या होकारानेच. ही अडचण २०१५ मध्ये खात्याने दूर केली: कामाच्या वेळेबाहेर शिकायला मालकाचा होकार लागत नाही, आणि नोकरी बदलली तरी खातं माणसाबरोबर जातं.

आधी खात्यात तास जमा होत; २०१९ मध्ये त्यांचे युरो झाले, मोबाइलवर ॲप आलं, आणि पाठोपाठ भामटेही. फोन करून खाती रिकामी करण्याचा धंदा इतका बोकाळला की डिसेंबर २०२२ मध्ये असे फोन आणि संदेश कायद्याने बंद करावे लागले.

मे २०२४ पासून सरकारने शिकणाऱ्यालाच पदरचे पैसे भरायला लावले, सुरुवातीला १०० युरो. बेरोजगारांना सूट आहे, मालकाने भर घातली तरी सूट आहे. कमी पगारावर राबणाऱ्याला मात्र नाही. ज्याच्यासाठी सगळा खटाटोप केला त्याच्याकडूनच ही वसुली. निदान त्याच्यापुरती तरी ती रद्द व्हायला हवी.