बोरू, टाक आणि झरणी



स्मरणिकेसाठी लेख मागितला की आपल्यापैकी बहुतेकजणी पाककृती देतात, कोणी उखाणे देतात. यंदा मी लिहिण्याविषयीच लिहावयाचे ठरविले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. विद्वत्ता माझ्याजवळ नाही. पण गेली दोन वर्षे मला शाईच्या पेनाचा नाद लागला आहे. त्या नादापायी जे वाचले, विचारले आणि हाताने करून पाहिले, ते आपल्यापुढे ठेवते.

शाईच्या पेनाला मराठीत एक गोड शब्द आहे, झरणी. झऱ्यासारखी शाई झरते ती झरणी. हा शब्द आता मागे पडला आणि आपण सगळ्या ‘फाउंटन पेन’च म्हणतो. दुसरा शब्द मात्र आपल्या रोजच्या बोलण्यात आहे, तो म्हणजे ‘वळण’. मुलीला वळण लावतात, तसेच अक्षरालाही वळण असते. मुलीला वळण लावण्याची काळजी आपल्या समाजाने पुष्कळ केली. तिच्या अक्षराला वळण लावण्याची काळजी मात्र फार उशिरा केली. या लेखाचा मतलब एवढाच आहे.

झरणीच्या आधी आपल्याकडे बोरू होता. बोरू म्हणजे एका जातीच्या गवताची ताठ, पोकळ काडी. तिचे टोक चाकूने तिरके छाटायचे, मधोमध बारीक चीर द्यायची आणि दौतीत बुडवून लिहायचे. शाई घरीच होई. दिव्याची काजळी डिंकाच्या पाण्यात पुष्कळ वेळ घोटली की काळीभोर शाई तयार. काजळीचा रंग उडत नाही, म्हणून शेकडो वर्षांपूर्वीचे कागद आजही वाचता येतात. ओल्या अक्षरांवर बारीक वाळू टाकून ती सुकवीत. टीपकागद पुढे आला.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर लिहिला आहे. देवाधर्माच्या ग्रंथात अक्षर कसे काढावे याचा आख्खा पाठ आहे, याचे मला प्रथम नवल वाटले. अक्षरे वाटोळी, सरळ आणि सुटी असावीत, ग्रंथाच्या आरंभी जसे अक्षर तसेच शेवटी असावे, कागदाच्या चहूबाजूंनी जागा सोडावी, असे त्यात सांगितले आहे. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते कामाला येत नाही, हेही बजावले आहे. चाळिशीचा चष्मा लागल्यावर या सांगण्याची किंमत मला कळली! आणखी एक गंमत म्हणजे निरनिराळ्या देशींचे बोरू आणून ठेवावेत असेही समर्थ सांगतात. म्हणजे चार तऱ्हेची लेखणी जमविण्याचा शौक आजचा नव्हे. साडेतीनशे वर्षांपूर्वीही तो होता.

त्या काळी ग्रंथ बालबोध लिपीत लिहीत आणि व्यवहाराचे कागद मोडीत. मोडी लिपी यादवांच्या काळात हेमाडपंतांनी चालू केली अशी परंपरा सांगतात. आधी ओळीची रेघ मारून घ्यायची आणि मग शक्यतो हात न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जायचे, ही मोडीची रीत. शिवछत्रपतींचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्या अक्षराची ख्याती अजून सांगतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून मोडी शिकवीत असत. नंतर ती बंद झाली आणि घरोघरच्या पेट्यांतले कागद घरच्यांनाच वाचता येईनासे झाले. आमच्या घरच्या पेटीतही असे दोन कागद आहेत. त्यांतली अक्षरे डौलदार आहेत, पण आम्हां सर्वांना ती मुकी आहेत.

बोरूनंतर आला टाक. लाकडी दांड्याला पोलादी टोच लावलेली असे. टोच झिजली तरी दांडा तोच राही. पण दौत काही सुटली नाही. चार शब्द लिहिले की पुन्हा बुडवा, पुन्हा लिहा. शाई लेखणीच्याच पोटात भरावी असे प्रयत्न पुष्कळांनी केले. रुमानियाच्या पेत्राके पोएनारू या विद्यार्थ्याने पॅरिसमध्ये १८२७ साली अशा लेखणीचे पेटंट घेतले होते. पण भरवशाची झरणी केली ती न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमन यांनी. त्यांचे पेटंट १८८४ सालचे.

झरणीत युक्ती काय आहे? निबच्या खाली एक जीभ असते आणि तिच्यावर बारीक पन्हळी असतात. त्यांतून शाई खाली उतरते आणि जेवढी शाई उतरली तेवढी हवा वर जाते. शाई आणि हवा यांची ही देवघेव चालू असते, म्हणून शाई एकदम ओघळत नाही आणि अडतही नाही. निबच्या चिरेतून कागदाला नुसता स्पर्श झाला की कागदच शाई ओढून घेतो. दाब द्यावा लागत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण अक्षर सुधारण्याचे मर्म यातच आहे.

हे पेन परदेशातून येई आणि महाग असे. स्वदेशीच्या चळवळीत लोकांना वाटू लागले की खादी घालून परदेशी पेनाने लिहावयाचे, हे काही बरे नव्हे. आंध्रात गोदावरीकाठच्या राजमहेंद्रीला के. व्ही. रत्नम यांनी १९३२ साली देशी पेने करण्यास आरंभ केला. त्यांचे पेन मिळाल्यावर गांधीजींनी १९३५ साली आपल्या वर्ध्याहून त्यांना पत्र लिहिले आणि परदेशी पेनाऐवजी हे चांगले चालेल अशी पसंती कळविली. बंगालमध्ये १९३४ साली सुलेखा शाई निघाली. त्याआधीच, १९३१ साली, मुंबईत गिरगावात दांडेकर बंधूंनी घोडा छाप शाईच्या भुकट्या आणि गोळ्या करावयास घेतल्या होत्या. पुढे त्यांनी पेनासाठी कॅमल शाई काढली. कॅमल आणि इंक मिळून कॅमलिन झाले. आपल्यापैकी कितीजणींच्या शाळेच्या दप्तरावर त्या शाईचा डाग पडला असेल! २०११ साली ही कंपनी जपानच्या कोकुयो कंपनीकडे गेली, पण उंटाची खूण अजून दुकानातून दिसते.

गांधीजींचे नाव निघाले म्हणून सांगते. त्यांचे स्वतःचे अक्षर चांगले नव्हते आणि याची त्यांना खंत होती. वाईट अक्षर हे अपुऱ्या शिक्षणाचे लक्षण समजावे, मुलांना आधी चित्रकला आणि मग अक्षरे शिकवावीत, असे त्यांनी आत्मकथेत लिहिले आहे. पुढे सुधारण्याचा यत्न केला पण वेळ निघून गेली होती, असेही ते म्हणतात. एवढ्या मोठ्या माणसाशी मतभेद सांगताना भीती वाटते. पण वेळ निघून जात नाही, हे मी आपल्या मंडळातच पाहिले आहे.

झरणी आली तरी ती बायकांच्या हाती आली नाही. पेन राही पुरुषांच्या सदऱ्याच्या खिशात. लग्नात जावयाला घड्याळ आणि पेन देत. आपल्या चोळीला आणि पोलक्याला खिसाच नव्हता! सावित्रीबाई फुले यांनी पुण्याच्या भिडेवाड्यात १८४८ साली मुलींना अक्षरे गिरवावयास बसविले, तेव्हा त्यांना शेणमाती सोसावी लागली. रमाबाई रानडे लग्न होऊन सासरी आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. न्यायमूर्तींनी त्यांना घरीच शिकविले आणि त्याबद्दल घरातल्या बायकांची बोलणी त्यांनी ऐकून घेतली. त्याच रमाबाईंचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली छापून निघाले. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी यांना तर लिहिता-वाचता येतच नव्हते. शेतात आणि जात्यावर सुचलेली गाणी मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी टिपून ठेवली, म्हणून १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली. तोवर बहिणाबाई निवर्तल्या होत्या. कोणी टिपून घेणारे नसल्यामुळे ज्यांची गाणी हवेतच विरली, अशा बहिणाबाई आपल्या आगरातही किती होऊन गेल्या असतील! आपल्या धवलारणींना लग्नाचे धवले तोंडपाठ असतात, पण ते उतरून घेणारे हात थोडे.

देशाच्या कारभारातही हस्ताक्षराचा मान केवढा होता पाहा. आपली राज्यघटना आधी हाताने लिहिली गेली. मूळ इंग्रजी प्रत दिल्लीच्या प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी टाकाने लिहिली आणि हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी लिहिली. २४ जानेवारी १९५० रोजी घटनासमितीच्या सभासदांनी तिच्यावर सह्या केल्या. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना चांगल्या पेनांची फार आवड होती. आता चैत्यभूमीवर पुष्कळ लोक हारफुलांऐवजी वही आणि पेन वाहतात. ही प्रथा मला फार आवडते.

पुढे बॉलपेन आले. ते गळत नाही, स्वस्त असते, कोठेही लिहिते. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण त्याची शाई घट्ट, तेलकट असते. टोकावरची गोळी फिरावी म्हणून दाबून लिहावे लागते आणि बोटे दुखू लागतात. मग लवकर उरकावे म्हणून अक्षर धावू लागते. आता तर मोबाईलमुळे बोटाने दाबले की अक्षर उमटते. वाण्याची यादीसुद्धा हाताने लिहिण्याची वेळ येत नाही.

याचा परिणाम काय होतो ते मी अनुभवले आहे. एका बँकेत पैसे काढावयास गेले असता सही जुळत नाही म्हणून मला तीन खेपा घालाव्या लागल्या. वर्षानुवर्षे हात कागदाला लागला नाही, तर सही एकसारखी येणार कशी? घरी येऊन मुलाचे पडून असलेले शाईचे पेन धुतले आणि रोज एक पान लिहू लागले. पुढे मंडळात दर बुधवारी दुपारी आम्ही आठ-दहाजणी बसू लागलो. त्यांत एक आजी आहेत, सत्तरी उलटलेल्या. त्या आधी अंगठाच उठवीत. आज त्या आपले पूर्ण नाव, शिरोरेघ सरळ ठेवून लिहितात.

ज्यांना आरंभ करावयाचा आहे त्यांच्यासाठी थोडे सांगते. पेन महाग नको. हलके, मध्यम निबचे घ्यावे. कागद जरा जाड, गुळगुळीत असावा, नाहीतर शाई फुटते. पेनाचीच शाई वापरावी. चित्रकलेची न पुसणारी काळी शाई भरली तर पन्हळी बुजून पेन अडते. महिन्यातून एकदा कोमट पाण्याने धुवावे. ड्रॉपरने शाई भरण्याचे पेन असेल तर शाई संपत येताच भरून घ्यावी, कारण हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि थेंब पडतो. पेन तिरके, सैल धरावे. बोटांबरोबर मनगट आणि हातही हलू द्यावा. पहिला आठवडा नुसत्या उभ्या रेघा आणि गोल काढावेत. मग ग, म, न यांसारखी काना असलेली अक्षरे, मग व, ब, क यांसारखी पोटाची अक्षरे घ्यावीत. दोन शब्दांत एका अक्षराची जागा सोडावी. पूर्वी पंतोजी धूळपाटीवर हेच करून घेत आणि कित्ता गिरवावयास लावीत. मोडी आणि देवनागरीचे वळण एकत्र आणून नव्या तऱ्हेची अक्षरे घडविणारे सुलेखनकार अच्युत पालव यांनी आपल्या नवी मुंबईत सुलेखनाची शाळा चालविली, आणि २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अक्षराला असा मान मिळतो तर आपण लाजू नये.

आता शेवटचे, आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि आपल्या करावे गावासह बेलापूर पट्टीच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या. आमच्या घरच्या त्या वेळच्या कागदावर आजेसासूबाईंचा अंगठा आहे. कागदात काय लिहिले होते ते त्यांना दुसऱ्याने सांगितले तेवढेच ठाऊक. पुढे महाराष्ट्रात १९९४ साली आणि साऱ्या देशात २००५ साली कायदा बदलून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला. म्हणून आता वारसाच्या, हक्कसोडीच्या कागदांवर आपल्या सह्या लागतात. भाऊ प्रेमाने म्हणतो, “ताई, इथे सही कर.” करावी की न करावी हे ज्याचे त्याने ठरवावे, त्यात मी पडत नाही. पण ज्या बाईच्या हाताला सावकाश लिहिण्याची सवय आहे, तिच्या डोळ्यांना सावकाश वाचण्याचीही सवय लागते. कागद पुरता वाचून, समजून, मग स्वतःच्या हाताने नाव लिहिणे ही मोठी गोष्ट आहे. दोनशे रुपयांच्या पेनाने ती साधत असेल तर तो नाद वाया गेला असे कोण म्हणेल?

म्हणून कार्यकारी मंडळाला माझी एक सूचना आहे. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत दोन पाने कोरी राखून ठेवावीत. त्यांवर प्रत्येक सभासद भगिनीने आपले नाव, माहेरचे आणि सासरचे, स्वहस्ताक्षरात शाईने लिहावे आणि ती पाने जशीच्या तशी छापावीत. अजून वर्ष हातात आहे. बुधवारी दुपारी तीन वाजता आम्ही बसतो. दौत मंडळाची आहे, पेन मात्र आपले आणावे.