पाणीउपसा व वाहतूक, अल्पखर्ची (बागेसाठी)

विहीर, ओढा, तळे किंवा कूपनलिका यांतील पाणी कमी खर्चात वर काढून कोरडवाहू भागातील बागेपर्यंत नेण्याच्या पद्धती. यात माणसाच्या व जनावराच्या बळावर चालणारी पारंपरिक साधने, हातपंप व पायपंप, लहान विद्युत व सौरपंप, उतारावर आपोआप वाहणाऱ्या पाण्याच्या योजना आणि डोक्यावर, खांद्यावर किंवा गाडीवर पाणी वाहून नेण्याचे प्रकार येतात.

साधन निवडण्याआधी गरज मोजावी लागते. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. दख्खनच्या पठारावर एप्रिल-मे महिन्यांत भरगच्च वाढलेल्या भाजीपाल्यातून दिवसाला ७ ते ८ मिलिमीटर पाणी उडून जाते. म्हणजे एका गुंठ्याला (सुमारे १०१ चौ. मी.) रोज ७०० ते ८०० लिटर पाणी हवे. विरळ लावलेल्या फळझाडांना याहून बरेच कमी पुरते.

दुसरा हिशेब उंचीचा. एक लिटर पाणी १० मीटर वर चढवण्यास सुमारे ९८ जूल ऊर्जा लागते. धडधाकट माणूस तासभर टिकेल अशा बेताने सुमारे ६० वॉट काम करतो. त्यातले निम्मे घर्षणात व गळतीत गेले असे धरले, तर तो तासाला १,१०० लिटरच्या आसपास पाणी १० मीटर वर आणतो. विजेचे एक युनिट, पंपसंचाची एकूण कार्यक्षमता अवघी ३० टक्के असली तरी, तेवढ्याच उंचीवर सुमारे ११,००० लिटर चढवते. माणसाची दहा तासांची मेहनत एका युनिटात बसते. त्यामुळे वीज दारात असेल तर हाताने पाणी ओढण्यात काटकसर नाही. वीज नसेल, बेभरवशाची असेल किंवा पाणीच इतके थोडे असेल की पंप पाच मिनिटांत कोरडा पडेल, तेथे इतर साधनांना अर्थ येतो.

पाणी दोन-तीन मीटरांवर असेल तर सर्वांत साधे साधन म्हणजे लाट. खांबावर आडवी तोललेली लांब काठी, तिच्या एका टोकाला पोहरा व दुसऱ्या टोकाला दगडाचे वजन, एवढीच तिची रचना. माणूस स्वतःचे वजन टाकून रिकामा पोहरा खाली दाबतो. भरलेला पोहरा दगडाच्या भाराने वर येतो. ओढण्यापेक्षा दाबणे शरीराला सोपे जाते, हीच या साधनाची युक्ती. इजिप्तमधील देर अल्-मदीना येथील इपुय याच्या थडग्यातील भित्तिचित्रात (इ. स. पू. तेरावे शतक) माळी अशाच साधनाने बाग शिंपताना दिसतो. तासाला दोन-तीन हजार लिटर पाणी यातून मिळते. खोली वाढली की हा आकडा झपाट्याने घसरतो.

वसई आणि अलिबाग भागातील नारळ-सुपारीच्या वाड्यांत उथळ विहिरींवर रहाटगाडगे चाले. बैल किंवा रेडा गोल फिरे, दातेरी चाकांमधून गती आडव्या आसाला मिळे आणि लोट्यांची माळ पाणी वर आणून पन्हळीत ओती. रहाटाचा वेग मंद असे आणि किनाऱ्यावर तो गुणच होता. तेथे गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो; इंजिन लावून भराभर उपसा केला की खालचे खारे पाणी वर चढते. विहिरी मचूळ झालेल्या वाड्यांत स्वस्त पंप शेवटी महागच ठरला आहे.

पठारावरील खोल विहिरींचे साधन म्हणजे मोट. ती आधी चामड्याची असे, पुढे लोखंडी पत्र्याची झाली. मोटेत साधारण सव्वाशे ते दोनशे लिटर पाणी मावते. जाड नाडा मोटेचे तोंड उचलतो आणि बारीक सोंदूर तिची सोंड वर धरून ठेवतो. बैल उतरत्या धावेवरून खाली जातात, त्यामुळे त्यांचे वजनही ओढीला लागते. मोट वर येताच सोंड थारोळ्यात झुकते व पाणी पाटाला लागते. साताऱ्याजवळील लिंब गावची बारा मोटांची विहीर अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधली गेली, ती तेथील आमराईला पाणी देण्यासाठी. मोट स्वस्त होती, कारण नांगरासाठी बैलजोडी गोठ्यात होतीच. ट्रॅक्टर आल्यावर केवळ मोटेसाठी बैल पोसणे परवडेना, हे मोट मागे पडण्याचे विजेच्या पंपाइतकेच मोठे कारण आहे.

पायपंप हे गरीब शेतकऱ्याला डोळ्यांपुढे ठेवून घडवलेले साधन. १९७०च्या दशकाच्या अखेरीस उत्तर बांगलादेशात गुन्नार बार्न्स या नॉर्वेजियन अभियंत्याने ते बेतले. दोन नळकांड्यांतील दट्ट्ये बांबूच्या दोन पावड्यांवर आळीपाळीने पाय देऊन चालवले जातात. चार मीटर खोलीवरून तासाला अडीच हजार लिटरपर्यंत पाणी मिळू शकते. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळाच्या प्रदेशात ते लाखोंनी खपले. महाराष्ट्राच्या काळ्या कातळावर मात्र त्याला मर्यादा पडतात. पंप पाणी शोषतो म्हणजे प्रत्यक्षात बाहेरच्या हवेचा दाब ते वर ढकलतो. हा दाब समुद्रसपाटीला जास्तीत जास्त १०.३ मीटर पाणी तोलतो. व्यवहारात ७ मीटर हीच हद्द, आणि पठाराच्या उंचीवर त्याहूनही अर्धा मीटर कमी. उन्हाळ्यात पाणी १२-१५ मीटरांवर गेलेल्या विहिरीत काठावरचा कोणताही शोषक पंप, मग तो पायाचा असो वा विजेचा, निकामी ठरतो. पंप विहिरीत खाली उतरवावा लागतो किंवा पाण्यात बुडणारा घ्यावा लागतो.

अशा खोलीला दोरपंप उपयोगी पडतो. पीव्हीसी नळीतून अखंड दोर फिरतो. त्यावर ठरावीक अंतरावर रबराच्या चकत्या बसवलेल्या असतात आणि वर सायकलच्या किंवा टायरच्या रिमचे चाक व हँडल असते. चकत्या आपल्यावरचे पाणी ढकलत आणतात. दहा मीटरांवरून मिनिटाला सुमारे ४० व वीस मीटरांवरून सुमारे २० लिटर, पण ते जोर लावून, थांबत थांबत. निकाराग्वात १९८० व ९०च्या दशकांत हा पंप घरोघरी पोहोचला. त्यातील प्रत्येक भाग गावातच दुरुस्त होतो, हे त्याचे खरे मोल.

हापसा याहून खोल जातो. जालना व सोलापूर येथे तयार झालेल्या नमुन्यांवरून १९७०च्या दशकात ‘इंडिया मार्क २’ हा हातपंप आकाराला आला. तो ४५-५० मीटरांपर्यंत काम करतो, मात्र मिनिटाला सुमारे १२ लिटरच देतो. गुंठाभर बागेसाठी त्यावर तासभर हापसावे लागेल. हापशाजवळच्या परसबागा बहुधा सांडलेल्या पाण्यावर उभ्या असतात; अळू आणि केळी तेथे न मागता वाढतात.

सौरपंपाच्या सरकारी योजनांत भर असतो तो ३ ते ७.५ अश्वशक्तीच्या शेतीपंपांवर. गुंठा-दोन गुंठ्यांच्या बागेला १०० वॉटची एक पट्टी व लहान डीसी पंप पुरतो: दिवसाच्या पाच तासांच्या चांगल्या उन्हात १० मीटरांवरून सुमारे ५,००० लिटर पाणी येते. बॅटरी घेऊ नये. त्याऐवजी टाकी उंचावर ठेवून पाणी साठवावे. टाकी गंजत नाही अशी घेतली तर बॅटरीपेक्षा कितीतरी अधिक टिकते. नळी निवडतानाही कंजुषी अंगाशी येते. त्याच प्रवाहाला नळीचा व्यास दुप्पट केला तर घर्षणाने होणारी हानी तिसाव्या हिश्शाच्या आसपास उतरते.

उतार लाभला तर ऊर्जा फुकट मिळते. गोव्याच्या कुळागरांत आणि कोकणातील डोंगरउतारावरच्या बागांत झऱ्याचे पाणी पाटाने व पन्हळींनी आणतात. बाग विहिरीतील पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असेल तर वक्रनलिकेने काठ ओलांडून पाणी येते. त्या पातळीपासून काठाची उंची सहा-सात मीटरांहून अधिक नसावी. जलाघात पंप (हायड्रॉलिक रॅम) तर वाहत्या पाण्याच्याच धक्क्याने त्यातील थोडे पाणी वर फेकतो. १७९६ मध्ये जोसेफ-मिशेल माँगोल्फिये याने तो स्वयंचलित केला. दोन मीटर उतरणाऱ्या मिनिटाला ५० लिटरच्या झऱ्यातून तो सुमारे ३ लिटर वीस मीटर उंच पोहोचवतो. दिवसरात्र चालल्यास ४,००० लिटरांहून अधिक. सह्याद्रीतील बहुतेक झरे फेब्रुवारीपर्यंत आटतात, ही त्याची अडचण.

वाहून नेणे हा सर्वांत महाग मार्ग आहे. मजुरी घरची असल्याने तो स्वस्त भासतो. कावडीच्या दोन बाजूंना मिळून ३० लिटर धरले आणि पाणी २०० मीटरांवर असले, तर गुंठ्याला ७५० लिटर पुरवण्यासाठी २५ खेपा, म्हणजे १० किलोमीटर चाल पडते. ही चाल बहुतेक घरांत बाईच्या वाट्याला येते. बैलगाडीत दोनशे लिटरची चार पिंपे ठेवली तर तेच काम एका खेपेत होते. दक्षिण आफ्रिकेत १९९१ मध्ये तयार झालेला ‘हिप्पो रोलर’ हे ९० लिटरचे पिंप जमिनीवरून लोळवत नेतात. खडकाळ पायवाटेवर तो अडतो. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा टँकरने जगवल्या गेल्या. पीक घेण्याच्या हिशेबात हे बसत नाही, झाड मरू न देण्याच्या हिशेबात बसते.

वाहून आणलेले पाणी वाफ्यात सोडू नये. मातीचे न रंगवलेले मडके झाडाच्या मुळांजवळ गळ्यापर्यंत पुरून भरले की माती कोरडी होईल तसे पाणी झिरपत राहते. तोंडावर झाकण व भोवती पाचटाचे आच्छादन हवे. मीटरभर उंच ठेवलेल्या पिंपाला ठिबकच्या नळ्या जोडल्या तरी चालते, पण पाणी गाळून घ्यावे लागते. क्षारयुक्त पाण्याने मडक्याची छिद्रे काही हंगामांत बुजतात. तेव्हा ते घासून पाहावे आणि तरीही पाझरेना तर बदलावे.