कासा खडकावरचा चुना

मुरुडला जायचे ते जंजिरा पाहायला, असा प्रघातच पडून गेला आहे. आम्हीही त्याच वाटेने गेलो. सकाळी राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसलो. शिडात वारा भरला, होडी एका अंगावर कलली आणि पाण्याच्या चुबुकचुबुक आवाजाखेरीज काही ऐकू येईना. इतके निवांत वाटले की, शिवछत्रपतींना जो दुर्ग कधी मिळाला नाही त्याच्याकडे आपण निघालो आहोत, याचाही क्षणभर विसर पडला.

जंजिऱ्याचा दरवाजा होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आत कलालबांगडी तोफ, पडके वाडे आणि गोड्या पाण्याची तळी. भोवती खारे पाणी नि पोटात गोडे. सिद्दीचे अर्धे बळ यातच असावे. १६७६ साली मोरोपंत पिंगळ्यांच्या स्वारीत सोनकोळी लाय पाटलाने रात्री तटाला शिड्या लावल्या, पण मोरोपंतांची माणसे वेळेवर पोचली नाहीत, अशी हकीकत सांगतात. संभाजीराजांनी १६८२ मध्ये समुद्रात भर घालून वाट काढू पाहिली. तेही साधले नाही. १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत किल्ला सिद्दींकडेच राहिला.

मला सांगायचे आहे ते मात्र दुपारचे. मुरुडच्या किनाऱ्यासमोर कासा खडकावर महाराजांनी बांधलेला पद्मदुर्ग आहे. तिकडे फारसे कोणी फिरकत नाही. आम्ही दुसरी होडी केली. उतरताना गुडघाभर पाणी लागले. नाखवा म्हणाला, "साहेब, भरती चढायच्या आत परतायचं हां."

हा दुर्ग म्हणजे सिद्दीच्या डोळ्यांदेखत मांडलेले ठाणे. त्याची दगडमाती समुद्रात, पण पोट किनाऱ्यावर! आणि किनाऱ्यावरूनच दगा झाला. पद्मदुर्गाच्या मदतीला आरमार घेऊन दौलतखान व दर्यासारंग जायचे होते. त्यांना द्यायचा पैसा व धान्य प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याने दिलेच नाही. १८ जानेवारी १६७५ चे महाराजांचे पत्र प्रसिद्ध आहे. हबशाने काही देऊन तुम्हांला आपले चाकर केले असेल, असा त्यात उघड संशय आहे. ब्राह्मण म्हणून मुलाहिजा होणार नाही, अशी ताकीद आहे. जंजिऱ्याच्या अपयशाचे सारे माप आपण समुद्राच्या पदरात घालतो. कोठारात अडकलेल्या धान्याचा हिशेब कोणी मांडत नाही.

तटाला हात लावून पाहिला. तीनशे वर्षांहून अधिक काळ खाऱ्या वाऱ्याने इथला दगड खाऊन टाकला आहे. चिऱ्याचिऱ्यांत खळगे पडले आहेत. दरजांतला चुना तेवढा शाबूत, जाळीसारखा वर उभा. ज्या गवंड्यांनी तो कालवला त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. त्या हिवाळ्यात त्यांच्या चुली कशावर पेटत होत्या?

खालून नाखव्याची हाक आली. पाणी चढू लागले होते.